शिवलिंगप्पा मास्तरांच्या जोड्या

शिवलिंगप्पा मास्तर नव्या मुलाचं नाव नंतर विचारत. आधी दात बघत.

मुलाला उजेडाकडं तोंड करून उभं करायचे, अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचे आणि "कवळा हाय, शिकंल," किंवा "लई जून हाय, आता काय वळत न्हाय," असा निकाल द्यायचे. मग पटांगणात दोन फेऱ्या मारायला लावून त्याची चाल बघायचे. बाजारात बैल असाच पारखतात. मास्तर कानडी मुलखाच्या शिवेवरच्या शेतकऱ्याघरचे. नोकरी लोहाऱ्याच्या शाळेत हिसाब शिकवण्याची. दोन्ही कामांत त्यांना फारसा फरक वाटत नसे.

निजामाचं राज्य होतं आणि शाळेत शिकवणं उर्दूत चाले. मास्तर घरी कानडी बोलत, आम्ही मराठी. त्यामुळं गणित उर्दूत सुरू होई, मराठीत अडे आणि मास्तर चिडले की कानडीत संपे. उत्तर बहुधा बरोबर येई.

त्यांचा खरा नाद जोड्या लावण्याचा. शाळेभोवती त्यांनी लिंबाची रोपं लावली होती आणि विहीर लांब होती. पाणी दोघांनी मिळून आणायचं: खांद्यांवर आडवी काठी, मधे टांगलेली तांब्याची घागर. पावलं मोठ्यानं मोजत चालायचं; ती जुळली नाहीत की घागर झुले आणि पाणी सांडे. शाळेच्या दारात मास्तर घागरीत हात घालून बघत. चार बोटं कमी भरलं की जोडी परत विहिरीवर. कोण कुणाबरोबर, हे मास्तर फक्त चालीवरून ठरवत. जात, गाव, बोली, कुणाचा बाप काय करतो, हे विचारात घेत नसत. त्यावर तक्रारी आल्या. "पानी झाडं पित्यात," मास्तर म्हणाले. "झाडाची काय तक्रार असंल तर सांगा."

महायुद्ध चालू होतं. त्या वर्षीच्या कोरड्या आषाढात वरंगलकडून बदलून आलेले आबकारीचे इन्स्पेक्टर आपल्या मुलाला शाळेत घेऊन आले. मुलाचं नाव नरसय्या. मास्तरांनी त्याचा ओठ दाबताच इन्स्पेक्टर पुढं झाले.

"मास्टरसाब, लडका बीमार नै है."

"मालूम है. उमर देखरा हूं."

"उमर कागद पो लिखी है ना!"

"कागद मुन्शी लिखता, साब. दात खंडोबा लिखता."

नरसय्या तेलुगू बोलत असे. उर्दू कामापुरती, मराठी अजिबात नाही. तो डब्यात भात आणायचा. आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी मुलं. सणावाराशिवाय भात आम्हाला दिसत नसे. त्याला 'भात' हे नाव मी ठेवलं. मधल्या सुट्टीत "ए भात, शिजलास का?" असं कुणीतरी ओरडे आणि सगळे हसत. नरसय्या शाळेच्या मागं जाई आणि तोंड धुऊन परत येई.

पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर पुन्हा आले. मुलगा जेवत नाही, रात्री रडतो, म्हणाले. दसऱ्यापर्यंत रुळला नाही तर त्याला वरंगलला मामाकडं पाठवायचं ठरलं होतं. अडचण त्याच्या आईची होती. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि इन्स्पेक्टर फिरतीवर गेले की गावात तिच्याशी बोलणारा हा मुलगा एवढाच होता. तो गेला की ती दिवसभर कुणाशी बोलणार?

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नरसय्याची जोडी माझ्याशी लावली.

आमची चाल जुळते असं मास्तरांचं मत होतं. माझं नव्हतं. तो माझ्याहून वीतभर उंच. घागर घसरून माझ्याकडं येई. तीन आठवडे आम्ही बहुतेक रोज दोनदा पाणी भरलं. शेवटी मी मास्तरांकडं गेलो.

"मास्तर, माझी जोडी बदला."

"का रं?"

"त्याला मोजता येत न्हाय. पावलं चुकत्यात."

"तुला मोजता येतंय न्हवं? मग चार बोटं पानी कुठं गेलं?"

मी रिकाम्या घागरीकडं बघितलं.

"बैल बदलून जोडी हुत न्हाय, बाबा. जोडीनं बैल बदलतो. जा, भर."

त्याच दुपारी एक-दोन म्हणून माझा घसा दुखला. "तूच मोज की आता, भात," मी चिडून म्हणालो. नरसय्या हळू आवाजात मोजू लागला. "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू." घागर पहिल्यांदाच स्थिर राहिली. निम्मी वाट एक थेंब सांडला नाही.

मी तोंड मिटून चालायला हवं होतं. त्याऐवजी मी नाकातून त्याची नक्कल केली. "ओकटीऽऽ, रेंडूऽऽ" म्हणताना पाय घसरला, मी बसकण मारली आणि अख्खी घागर माझ्या डोक्यावर रिकामी झाली.

पोरं थांबली. नरसय्या काठी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मग आमच्या शाळेतलं त्याचं पहिलं मराठी वाक्य बोलला.

"भात शिजला!"

आणि हसला. आधी तोंडावर हात धरून, मग पोट धरून, मग खाली बसून. पोरं हसली. थोड्या वेळानं मीही हसलो, दुसरा मार्ग नव्हता. मास्तर धावत आले, आम्हा दोघांकडं बघितलं, "पुन्हा भरा," म्हणाले आणि पाठ फिरवून गावाच्या वाटेला लागले.

आठ दिवसांत सगळी शाळा तेलुगूत मोजू लागली. मास्तरांना ते आकडे ऐकून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मूडू? आमच्यात मूरू! नालुगू? आमच्यात नाल्कू! अरं, ह्यो तर माझ्या चुलत्याचा निघाला की!" त्यानंतर हिसाब चार भाषांत होऊ लागला आणि कुणालाच येईनासा झाला. नरसय्याची आई दोघांना पुरेल एवढा चिंचेचा भात पाठवू लागली. माझी भाकरी आणि ठेचा नरसय्या खाई. त्याला नाक पुसत, डोळ्यांतून पाणी गाळत मराठी शिव्या देता येऊ लागल्या. त्या मी शिकवल्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टर आले. मास्तरांनी काही न विचारता शाळा सोडल्याच्या दाखल्याचा कागद ओढला. आम्ही दोघं दाराशी उभे होतो.

"लिखना नक्को, मास्टरसाब," इन्स्पेक्टर म्हणाले. "घरवाली छोडती नै. बोलती, लडका पैले दिन से स्कूल में रोज हसता कते." 'कते' म्हणजे 'म्हणे'.

"कौन बोला?" मास्तरांनी दरडावून विचारलं.

"तुमीच बोले कते."

मास्तरांनी कागद दोनदा घडी घातला, पुन्हा उलगडला आणि आमच्यावर ओरडले, "दारात काय उभं ऱ्हायलाव? चला, पानी भरा!"

पहिल्या दिवसापासून रोज, हे खरं नव्हतं. पाच-सहा आठवडे नरसय्या एकदाही हसला नव्हता. मी त्याला साक्षी होतो आणि बऱ्याच अंशी कारणही.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई तेलुगूत सांगत होती आणि नरसय्या मराठी करून देत होता. मास्तर रोज शाळा सुटल्यावर मुलाच्या आधी तिथं पोचत. अंगणात पाठ अर्धी वळवून उभे राहत आणि एकच तेलुगू वाक्य म्हणत. बहुधा आबकारीच्या शिपायाकडून शिकले असावेत. "मी अब्बायी नव्वाडु." तुमचा मुलगा हसला. एवढं म्हणून निघून जात. ते वाक्य मास्तरांच्या कानडी हेलात म्हणून दाखवताना तिला हसू आवरत नव्हतं.

एक दिवस मात्र ते भर दुपारी आले, ती म्हणाली. शाळा चालू असताना. दम लागलेला, टोपी हातात. तिला वाटलं, मुलाला काही झालं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण रोजचं वाक्य काही केल्या येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती घाबरली, दाराबाहेर आली, त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

मग तिनंच विचारलं, "नव्वाडा?" हसला?

मास्तरांनी मान हलवली.