मल्लोजीअण्णा आणि ‘गेट बॅक टू यू’

मंगळवारी सकाळी मल्लोजीअण्णांनी दारात एक रिकामी खुर्ची मांडली. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या, त्यावर पालथा पेला.

“पाहुणे येणार आहेत का अण्णा?” मी जिन्यावरून विचारलं.

“इंटरनेटवाला. काल फोनवर म्हणाला, ‘सर, आय विल गेट बॅक टू यू.’ बॅक टू मी. मी कुठं राहतो? इथं.”

“म्हणजे तो फोन करेल, अण्णा.”

“मग फोन करतो म्हणायला त्याला काय झालं? स्वल्प संशय आहे.”

एकपर्यंत वाट पाहून त्यांनी खुर्ची आत घेतली आणि त्या माणसाला फोन लावला. “मी बसून आहे. तू का आला नाहीस?” पलीकडचा गडी गांगरला. म्हणाला, “सर, आय विल चेक अँड गेट बॅक टू यू.”

अण्णांनी खुर्ची पुन्हा बाहेर मांडली.

के. आर. पुरममधलं हे घर त्यांचं आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू मी. होसकोट्याच्या एका कारखान्यात पंपांचे भाग तपासण्यात अण्णांचा जन्म गेला. ठीक असलेल्या मालावर खडूने खूण करायची आणि बाकीचा परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर खडू सुटला, तपासणी सुटली नाही. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. रिक्षावाला “दोन मिनिटांत येतो” म्हणाला तर घड्याळ काढून उभे राहतात. आणि प्रत्येक तपासणीचा निकाल एकच: “स्वल्प संशय आहे.” त्यांचं घराणं मराठी, पण तीन-चारशे वर्षं इथलंच. त्यामुळे मराठी बोलताना मध्येमध्ये कानडी येते आणि माझ्यासारख्या पोरीलाही ते अम्मा म्हणतात.

“आमचे पूर्वज घोड्यावर बसून इकडं आले ते गेट बॅक झालेच नाहीत,” असं ते एकदा म्हणाले होते. “पण येतो असं सांगून आले नव्हते, हे ध्यानात घे.”

आता मी पुण्याची, म्हणजे संशय माझ्याही अंगात. ज्या माणसाने चाळीस वर्षं तपासणीचे अहवाल इंग्रजीत लिहिले, त्याला ‘गेट बॅक टू यू’चा अर्थ कळत नाही? मला वाटे, म्हातारा वेड पांघरून पेडगावला जातोय. त्यातून माझी नोकरी कोरमंगलाच्या एका कंपनीत, माणसं निवडण्याची. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला जाताना मी तेच वाक्य सांगते. अण्णांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

“रोज कितीजणांना म्हणतीस?”

“असतील दहा-बारा.”

“आणि जातीस कितीजणांकडं?”

मी विषय बदलला.

मग माझीच वेळ आली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करायचं ठरलं. त्यानंतर जिन्याच्या बावीस पायऱ्या तिला चढवणार नव्हत्या. खाली अण्णांच्या शेजारची खोली कुलूपबंद होती. तिला दार वेगळं, न्हाणीघर वेगळं. दोन महिन्यांसाठी ती मिळाली की माझा जीव भांड्यात पडणार होता. मी विचारलं. अण्णा म्हणाले, “सरी,” म्हणजे कानडीत ‘बरं’, आणि वर, “आय विल गेट बॅक टू यू.”

माझं हत्यार माझ्यावरच! नाहीच म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं. त्या खोलीविषयी मला आधीपासून शंका होती. दर रविवारी ते कुलूप काढून आत जात आणि अर्ध्या तासाने हातात केरसुणी घेऊन बाहेर येत. कोणासाठी? त्या रविवारी दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मी डोकावले. परीटघडीची चादर घातलेला पलंग होता. उशीवर नवा टॉवेल आणि टॉवेलवर पाकीट न फोडलेला टूथब्रश. पाठमोरे अण्णा फोनवर बोलत होते. फोन स्पीकरवर होता.

“किशोर, तुझी खोली. वरच्या अम्माच्या आईला दोन महिने पाहिजे. तू येणार असशील तर नाही देत.”

किशोर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो, एवढं मला ठाऊक होतं.

“अप्पा, मीटिंगमध्ये आहे. आय विल गेट बॅक टू यू.”

“सरी,” अण्णा म्हणाले. त्यांनी फोन खिशात ठेवला, बाहेर जाऊन दारात खुर्ची मांडली आणि शेजारी तांब्या आणून ठेवला.

“म्हणजे तो फोन करेल, अण्णा,” हे माझं ठरलेलं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी खुर्ची तिथेच होती. बुधवारीही होती. ऑफिसला जाता-येता मी खाली मान घालून तिच्या शेजारून जात होते. आईच्या ऑपरेशनला आठवडा राहिला होता, आणि तरी खोलीचं विचारायचा मला धीर होत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी माझं दार वाजलं. अण्णा उभे होते, कठडा धरून, धापा टाकत. एवढ्या वर्षांत ते वर आल्याचं मी पाहिलं नव्हतं. हातात किल्ली होती.

“गेट बॅक टू यू म्हणालो होतो,” ते म्हणाले. “आलो.”

“अहो, हाक मारायची. मी आले असते खाली.” मग मी भीतभीत विचारलं, “किशोरदादाचा फोन आला?”

“त्याला कामं असतात.” मी दिलेलं पेलाभर पाणी त्यांनी सावकाश संपवलं. “त्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक आहे, अम्मा. पण तोच अर्थ धरला, तर खुर्ची कुणासाठी मांडू?”

मी किल्ली घेतली. अण्णा कठडा धरून दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

“आईला सांग, कपाटातला खालचा कप्पा तेवढा रिकामा ठेव.”

“का हो?”

“किशोर येईल,” ते म्हणाले, “असा स्वल्प संशय आहे.”