हवालदारआबांचा दाखला

हवालदारआबा म्हशीला "पीछे मुड!" म्हणतात आणि म्हैस वळते. एवढी शिस्त आमच्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला नाही, आणि खरं सांगायचं तर ग्रामसेवक म्हणून मलाही नाही.

फौज सोडून कैक वर्षं झाली, पण लासुर्ण्याकडच्या आमच्या गावात आबा अजून ड्युटीवरच आहेत. एस.टी. उशिरा आली की ड्रायव्हरला घड्याळ दाखवतात. चहा दिला तर आधी कप पुसतात, मग आपल्याकडं बघतात. बायको गेली, मूलबाळ नाही; रागवायला सगळं गाव मोकळं.

परवाच्या पावसाळ्यात ते रहिवासी दाखला मागायला आले. "भाऊसाहेब, सैनिक कल्याणच्या हाफिसात शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायचाय. पंधरा दिस हायेत."

"या वयात काय शिकताय, आबा?" मी म्हणालो. हाफिसात खसखस पिकली.

आबाही हसले. "मी न्हाय वो! माझ्या फौजेतल्या जोडीदाराची पोर. त्यो गेला. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. फारमावर पालक म्हणून तिच्या आयनं माझं नाव घातलंय, तवा दाखलाबी माझाच!" छाती चांगली वीतभर फुगली होती.

"उद्या या."

"हुकूम!"

आबा रोज आले. कधी मी इंदापूरला मीटिंगला, कधी शिक्का सापडेना. एकदा तर त्यांचा आवाज ऐकून मी मागच्या दारानं सटकलो. सही केली तेव्हा मुदत उलटून गेली होती. आबांनी दाखल्याची घडी घातली आणि गेले. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात ध्वजदिन निधीची पावतीपुस्तकं आली. शिष्यवृत्ती याच निधीतून देतात. सगळं गाव फिरलो, फक्त आबांचं घर टाळलं. तर तेच रस्त्यात आडवे आले.

"आमचं दार चुकलं व्हय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, ती पोरगी...?"

"औंदा घरीच हाय. आयसंगं खुरपायला जाती. पेन्शनीतनं फी भरतो म्हनलं, तर आय म्हनती, हक्काचं असंल तरच घीन." त्यांनी पाचशेची नोट पुढं केली. "फाडा पावती. हिचं ऱ्हायलं. पर दुसऱ्या कुणाची पोर असंल की."

मला मान वर करवेना. पावतीवर आबांचं नाव लिहिलं, रक्कम लिहिली; सहीपाशी पेन अडलं.

आबांनी खांद्यावर हात ठेवला. "दमानं करा सही, भाऊसाहेब. ह्या कागदाला शेवटची तारीख न्हाय."