लपवलेलं नाक

फाइल मशीनकडे पाठवून ससा चहा पिऊन आला, खुर्चीत मागे रेलला, आणि तेवढ्यात त्याला आठवलं, की साहेबांचा चेहरा पुसायचा राहिलाय.

ससा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. ऑफिसात दार जरा आपटलं तरी तो दचकायचा, म्हणून सगळे त्याला तसं म्हणायचे. कॉम्प्युटरवर वस्तूंना आकार देणं हे त्याचं काम, आणि सध्या एक इस्त्री चालू होती. पडद्यावर ठिपक्यांची जाळी असते. एखादा ठिपका धरून ओढला, की ताणलेली चादर चिमटीत उचलावी तसा आजूबाजूचा पृष्ठभाग अलगद वर येतो. कुठे कोपरा नाही की सुरकुती नाही. पण त्याला हात बसावा लागतो, आणि हात बसवायला फुगवटे, खळगे, गोलाई सगळं एके ठिकाणी असलेली वस्तू हवी. तशी वस्तू समोरच्या काचेच्या केबिनमध्ये रोज बसलेली असायची.

तेव्हा सशाने जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्याच फाइलमध्ये, तिच्या शेजारी साहेबांचा चेहरा घडवायला घेतला. इथवर ठीक होतं. पण साहेब ओरडले, की तो नाकाच्या शेंड्याचा ठिपका धरून जरासा पुढे ओढायचा. तेवढंच मनाला बरं वाटायचं. साहेब ओरडण्यात कसर ठेवत नसत, त्यामुळे नाकाचीही चांगली वाढ झाली. कोणी आलं की एक बटण दाबून तो चेहरा लपवायचा.

पण लपवणं म्हणजे पुसणं नव्हे. पडद्यावर दिसत नसलं तरी फाइलमध्ये सगळं असतं, आणि मशीनला भीडभाड नसते.

नोकरी सासऱ्यांच्या ओळखीने लागलेली. सासरे आणि साहेब जुने दोस्त. जावयाला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे इस्त्रीचं काम द्यायला आज येणाऱ्या पाहुण्यांना नमुना पसंत पडतो का, यावर ठरणार होतं. ससा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला.

"काका, मशीन थांबवा!"

मशीनवाल्या काकांनी कानातला बोळा काढला. "आता? मध्येच थांबवलं तर अख्खा ठोकळा वाया जाईल. आणि दोन नग आहेत हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? ऐन वेळी मोठा ठोकळा लावावा लागला मला."

ते मशीन फोमचा ठोकळा वरून खाली, थराथराने कोरायचं. म्हणजे जे सगळ्यांत उंच, ते आधी बाहेर यायचं. इस्त्रीची मूठ अजून ठोकळ्याच्या पोटात होती. नाक आलेलं होतं.

"हे काय आहे रे?" काकांनी विचारलं.

"पाणी भरायची... तोटी."

"एवढी?"

मग दोन बाजूंना नाकपुड्यांचे फुगवटे आले. मग भुवया आल्या. काकांनी नाकाकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं आणि बोळा पुन्हा कानात घातला. "मी काही पाहिलेलं नाही. मी चाललो जेवायला."

सशाने लाल बटणाकडे बोट नेलं.

"खबरदार, हात लावशील तर!" साहेब दारातून गरजले. "पाहुणे फाटकापाशी पोचलेत, आणि तू मशीन बंद करतोस?"

ते जवळ आले. मशीनने तेवढ्यात हनुवटी पुरी केली आणि आज्ञाधारकपणे थांबलं.

"हे कोण?"

सशाने घाईघाईने तोंड उघडलं. "पा... पाहुणे, सर. भेट म्हणून. फोटोवरून केलाय."

हे वाक्य कुठून आलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने डोळे मिटून घेतले. साहेबांनी चेहऱ्याभोवती एक फेरी मारली. ते रोज आरशात पाहत असणार. पण एवढं नाक घेऊन आरशासमोर कोणी उभं राहत नाही, निदान स्वतःच्या समजुतीत तरी.

"अरे, तू तर छुपा रुस्तम निघालास! मी त्यांच्याशी नुसता फोनवर बोललोय. नाक जरा जास्तच आहे, नाही, बिचाऱ्याचं?"

"हो सर."

"असू दे. स्वतःचा चेहरा कोणाला आवडत नाही? इस्त्रीच्या आधी हाच दाखवू."

"नको सर! रंग द्यायचा राहिलाय..."

"रंगबिंग काही नको. फडकं आण."

पाहुणे आले आणि सशाने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं नाक एवढंसं, चष्मा टेकण्यापुरतं. आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, याच विचारात तो साहेबांच्या मागे उभा राहिला. साहेबांनी झोकात फडकं ओढलं.

"ओळखा पाहू कोण!"

पाहुण्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. पुन्हा चेहऱ्याकडे. मग साहेबांच्या पाठीमागे हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभ्या असलेल्या सशाकडे.

"ओळखलं की," ते सावकाश म्हणाले. "न ओळखायला काय झालं? अगदी समोर उभं राहिल्यासारखं वाटतंय."

"पाहिलंस!" साहेब खूश झाले.

पाहुण्यांनी नाकावरून वरपासून शेंड्यापर्यंत बोट फिरवलं. "कुठे खाच नाही, सांधा नाही. ज्याला हे नाक जमलं, त्याला माझ्या इस्त्रीची मूठ जमणारच. काम तुम्हालाच देतो. चेहरा मात्र तुमच्याकडेच ठेवा, इथेच शोभतो तो." गाडीत बसेपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

सशाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा तो चेहरा टेबलावर त्यांच्या शेजारीच ठेवलेला होता.

"तुला कायम केलं. सासऱ्यांना मीच कळवलंय. पण ऐक, त्यांचं नाक प्रत्यक्षात एवढं नाही रे. मोठ्या मनाचा माणूस, म्हणून काही बोलला नाही. माझं कोणी असं केलं असतं ना, तर उभा चिरला असता त्याला."

"हो सर."

"आता माझा चेहरा कर. दोन्ही इथे शेजारीशेजारी ठेवू. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. आहे तसा."

ससा जागेवर आला. त्याने जुना चेहरा उघडला, घाम पुसला आणि नाकाच्या शेंड्याचा ठिपका धरून हळूहळू आत ढकलायला लागला. एकेक ओरडा परत घ्यायचा होता. बऱ्याच वेळाने नाक माणसात आलं.

"ए सशा!" केबिनमधून साहेब गरजले. "झालं, की अजून झोपा काढतोयस?"

ससा दचकला, आणि सवयीने त्याचा हात पुढे गेला.