टायरची कूस

टायरांना टोपडी घालणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा शेजारी. रंगनाथअण्णा. नव्वद सालानंतर निरगुडसरात आमच्या आळीत पहिली मारुती त्यांनी आणली, आणि आणली ती गोठ्यात बांधल्यासारखी छपरात बांधली. चारी चाकांना त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, जुन्या लुगड्याची टोपडी. "ऊन लागलं की रबर म्हातारं व्हतं, राव," असं म्हणत अण्णा स्वतः उघड्या डोक्यानं उन्हात बसून राखण करत.

संध्याकाळी हाक यायची, "भाऊ, जरा या, कूस बदलायचीय." गाडी हातभर पुढं ढकलायची, दुसऱ्या दिवशी हातभर मागं. "एकाच कुशीवर निजला तर टायर चपटतो." त्या गाडीत मी कधी बसलो नव्हतो, पण तिच्यामागं नाशिकपर्यंत तरी चाललो असेन.

कहर होता तेलाचा. देवळातल्या मारुतीला शनिवारी पळीभर, दारातल्या मारुतीला रोज वाटीभर. शेंगदाण्याचं, कोमट करून, चारी टायरांना चोळून. काकी चुलीपुढं गुडघे चोळत म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याला न्हाई कदी कोमट तेल." त्यांना दर चतुर्थीला ओझरच्या गणपतीला जायचं असे. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "यष्टी हाये की. टायर कशाला झिजवायचं?" काकी यष्टीनं जात, लंगडत परत येत. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा.

मग एका चतुर्थीला यष्टीच्या पायरीवरच काकींचा गुडघा धरला. उचलून घरी आणलं. अण्णांनी टोपडी काढली, काकींना मागं आडवं केलं, मला पुढं बसवलं आणि गाडी आळेफाट्याला, हाडाच्या डॉक्टरकडं काढली. फाटा दिसायला लागला आणि मागचा टायर फुटला. समोरच गॅरेज होतं. मिस्तरीनं टायरला बोट लावलं, तर रबराचा पापुद्रा हातात आला.

"पावणं, तेल लावलंय का ह्याला? तेलानं रबर सडतं."

अण्णा तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. "हिचं गुडघं आज ना उद्या जाणार, मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "तवा हिला यष्टी जमायची न्हाई. म्हणून टायर तरणं ठिवलं व्हतं."

मागच्या सीटवरून काकी म्हणाल्या, "त्यातलं बोटभर हितं लावलं असतं, तर गुडघंच तरणं ऱ्हायलं असतं."

इतक्या मायेनं केलेला गाढवपणा मी दुसरा पाहिला नाही.

आता टायर नवे आहेत, उघडे आहेत, आणि दर चतुर्थीला ओझरच्या वाटेवर खुशाल ऊन खातात. काकींचं चालणं मात्र सुधारलं नाही. परवा दुपारी सहज डोकावलो, तर ओसरीवर कोमट तेलाची वाटी, आणि अण्णा काकींचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसलेले. चोळून झाल्यावर त्यांनी काकींना हलक्या हातानं दुसऱ्या अंगावर वळवलं.

"एकाच कुशीवर निजू नगं गं," ते म्हणाले. "चपटशील."