चौथ्या खुराचा ठसा

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे हो, उगाच खिडकीबाहेर बघू नका, कवडी नावाची एक हरिणी राहत होती. तिला तीन पाय होते. चौथा लहानपणी फासात अडकून गेला होता.

चैत्र लागला की त्या जंगलातली सगळी डबकी आटत. पाणी उरायचं ते फक्त घळीच्या तळाशी. घळीचा काठ इतका उभा, की चार पायांचेसुद्धा देवाचं नाव घेऊन उतरायचे.

कवडी मात्र रोज पाणी पिऊन यायची. कशी? तर भुरी नावाची एक रानम्हैस होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती कवडीच्या अंगाला अंग लावून उभी राहायची आणि म्हणायची, "टेक गं." कवडी टेकायची. दोघी खाली जायच्या, दोघी वर यायच्या. याचा कुणी ठराव केला नव्हता. जंगल तेव्हा मागासलेलं होतं ना!

मग एकदा सिंहमहाराज परजंगलाचा दौरा करून आले. आल्या आल्या त्यांनी धोरण जाहीर केलं. यापुढे जंगलात कुणी लंगडं राहणार नाही.

म्हणजे पाय फुटणार, असं वाटलं का तुम्हांला? खुळी पोरं! त्यांना 'लंगडं' म्हणायचं नाही, एवढंच ठरलं. नवा शब्द शोधायला सहा महिने गेले. शब्द निघाला 'विशेषचरण'. कवडीचा त्या शब्दाने सत्कारही झाला. नारळ मिळाला. हरणाने नारळ कसा फोडायचा ते धोरणात नव्हतं.

पण खोटं कशाला बोला, घळीत उतरायला एक छान दगडी उतारही बांधला. वर एक फाटक, खाली एक फाटक. राखणीला तरसाची नेमणूक झाली. नियम एकच, विशेषचरण असल्याचा दाखला असेल त्यालाच आत सोडायचं.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारखी काठावर उभी राहिली. तरस धावत आला.

"मावशी, बाजूला व्हा. तिला टेकू द्यायला बंदी आहे."

"का रे मेल्या?"

"तिला आता हक्क मिळालाय. दुसऱ्याच्या अंगावर टेकणं हा तिच्या स्वाभिमानाचा अपमान आहे."

"आणि तहान?"

"तहानेचं दाखल्यावर बघू."

कवडी गेली वडाखाली. तिथे दाखला मंडळ बसायचं. अध्यक्ष होते वानरराव. भला प्राणी! कवडीला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढंच पाणी तिला त्या दिवशी दिसलं.

"अर्जावर चारही खुरांचे ठसे लाव," ते म्हणाले.

"साहेब, चौथा खूर असता तर मी आले कशाला असते?"

"कळतं गं मला. जीव तुटतो माझा. पण अर्जात चौकटी चार आहेत. एक कोरी राहिली तर अर्ज अपूर्ण."

"मग त्या चौकटीत 'पाय नाही' असं लिहा."

"लिहायची जागा नाही ती. ठशाची आहे."

दोन दिवस कवडी पहाटेचं दव चाटत राहिली. तिसऱ्या दिवशी वानररावांनी तिला हळूच बोलावलं. "असं कर, चौथा ठसा कुणाचाही लाव. सगळे लावतात."

कवडीने चुलतबहिणीच्या पाया पडून तिच्या खुराचा ठसा घेतला. अर्ज पूर्ण झाला. मंडळ बसलं. वानररावांनी कागद उलटसुलट पाहिला आणि निकाल वाचला, "चारही खूर शाबूत. विशेषचरणत्व शून्य टक्के."

"अहो, मी समोर उभी आहे! बघा की माझ्याकडे!"

"समोर बघायचं काम मंडळाचं नाही. आम्ही कागद बघतो. का, चौथा ठसा खोटा आहे? तसं असेल तर गुन्हा दाखल करावा लागेल. आहे का खोटा?"

कवडी आल्या पावली परत फिरली. संताप असा आला होता, की शिंगं असती तर तिने वडच पाडला असता.

त्याच दुपारी सिंहमहाराजांच्या पंज्यात करवंदीचा काटा रुतला. अख्खं मंडळ गुहेकडे धावलं.

"ठसे?" कुणीतरी विचारलं.

"महाराजांच्या पावलांचे ठसे अवघ्या जंगलाच्या काळजावर आहेत," वानरराव म्हणाले. शंभर टक्क्यांचा दाखला जागच्या जागी निघाला. तोही कायमचा.

महाराज उतारावरून झोकात खाली गेले. पाणी प्यायले, डुंबले. डुंबताना काटा निघून गेला. दाखला राहिला.

कवडीला आता धीर धरवेना. जीभ टाळ्याला चिकटली होती. तिने डोळे मिटले आणि उभ्या काठावरून अंग सोडून दिलं. खरचटत, आपटत खाली पोचली आणि पोटभर पाणी प्यायली. कित्ती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण वर कसं यायचं? ती उताराच्या खालच्या फाटकाशी गेली.

"दाखला?" तरस म्हणाला.

"अरे, पाणी पिऊन झालं माझं. वर तरी जाऊ दे! इथे गवताची काडी नाही."

"दाखल्याशिवाय उतारावर पाय ठेवायचा नाही. तिन्ही."

टेकूला बंदी म्हणून भुरीमावशीला कुणी खाली उतरू देईना, ती वर काठावरच रडायला लागली. "कवडे, माझे बाई, कुणी गं घातलं तुला या खड्ड्यात!" रडता रडता शिंगाने पाल्याच्या फांद्या मोडून ती खाली टाकत होती. निम्म्या मधेच अडकत होत्या.

आठ दिवसांनी परजंगलाचे पाहुणे धोरण बघायला आले. वानररावांनी त्यांना काठावर नेऊन खाली बोट दाखवलं.

"ती बघा, आमची विशेषचरण हरिणी. पूर्वी पाण्यासाठी एका म्हशीवर अवलंबून होती. आता पाण्याकाठीच राहते, स्वतंत्र."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खालून कवडी जिवाच्या आकांताने ओरडली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती ती.

"काय म्हणते आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"आभार मानते आहे," वानरराव म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, पाय गमवायचाच असेल तर आधी गादीवर बसावं, मग गमवावा.