काल्हेरने भरलेलं विमान

अन्याय झाला तो आमच्या भिवंडीजवळच्या काल्हेरच्या अनंता भोपींवर आणि त्यांची थोरली बहीण यमुनाअक्का हिच्यावर. केव्हा? २००८ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्काची बॅग गाडीत ठेवून झाल्यावर. विमान कंपनीचा फोन आला की आजची फ्लाइट रद्द, आणि यापुढे अक्का राहते त्या गावाची फ्लाइटच बंद. गावाचं नाव छापत नाही. तिथल्या विमानतळाचे मॅनेजर भले गृहस्थ आहेत आणि अजून नोकरीत आहेत.

लोक देवळाला देणगी देतात, क्रिकेटच्या सामन्यांना देतात. अनंतादादा लोकांना विमानात बसवायचे. ज्याचं त्या गावात काडीचं काम नाही असा माणूस हुडकायचे आणि स्वतःच्या खर्चाने त्याला पाठवायचे.

कारण अक्का. तिचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. बदलीच्या गावी घर बांधलं आणि तिथेच वारले. पुढे अक्का पडली, खुब्याचं हाड मोडलं, रात्रभर एसटीत बसणं संपलं. रेल्वे त्या गावाला नाहीच. माहेर तुटलं म्हणून ती रडत होती, आणि तिथल्या माळावर विमान सुरू झालं. छोटं, पंख्याचं, आठवड्यातून तीनदा मुंबईला येणारं. अक्का सकाळी निघून दुपारच्या जेवणाला काल्हेरला आली. त्या दिवसापासून ती फ्लाइट चालू ठेवणं ही दादांची ड्युटी.

दादांचा धंदा गोडाऊन भाड्याने देण्याचा, त्यामुळे विमानतळ त्यांना लगेच कळला. नाक्यावर चहा पिताना सांगायचे, "गोडाऊनच हाय ते, बाला. जागा सरकारची, वॉचमन सरकारचा, आगीचा बंब सरकारचा. भाडेकरू एकच, आनि तो रोज बोलतो, सोडून जातो." खोटं नव्हतं. सरकारने कंपनीला विमान उतरवण्याचं भाडं माफ केलं होतं. तिथल्या व्यापाऱ्यांनी काही सीटांची हमी घेतली होती, म्हणजे सीट रिकामी गेली तरी पैसे ते भरणार. तरी कंपनीचा डोळा मोठ्या शहरांवर. हमीने विमान उडतं, पण टिकतं ते माणसांनी, असं दादांचं मत. मग ते माणसं पुरवू लागले.

पहिले गेले लूमवाले हनीफशेठ. दादा, मेरा उधर काम क्या है, असं त्यांनी विचारलं. दादा शांतपणे म्हणाले, "काम नहीं है इसलिए तो जाओ. कामवाले बस से भी जाते हैं." हनीफशेठ कुरकुरत गेले आणि तिथे चादरींची ऑर्डर घेऊन आले. नंतर गावचा न्हावी गेला. मुलाच्या हळदीचं आमंत्रण घेऊन एक वरमाई गेली. ती विमानात चढताना नारळ फोडायला निघाली, तेव्हा शिपायाने हात जोडून थांबवलं.

बोंबलांचं प्रकरण मोठं झालं. अक्कासाठी सुके बोंबील पाठवले, तेही प्रवाशाच्या हातातल्या पिशवीत. विमान केवढं, वास केवढा. कंपनीच्या बाईंनी फोन करून दादांना झापलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वास येतो म्हंजे मानूस बसलाय, ताई. रिकाम्या विमानाला कसला वास?"

स्वतः मात्र एसटीने जायचे. मी एकदा टोकलं तर मलाच वेड्यात काढलं. "मना पटलेलंच हाय रं. ज्याला न्हाय पटलं त्याला बसवाला पायजे."

भिवंडी म्हटलं की शहरातले लोक नाक दाबतात. त्यांना मी ठणकावून सांगतो की दुसऱ्या जिल्ह्याचा विमानतळ आम्ही जागता ठेवला. आमच्या हमालाने खिडकीची सीट भांडून घेतली. हे कुठल्या पेपरात आलं नाही म्हणून मी लिहितोय.

आणि तरी कंपनीने विमान काढून मोठ्या मार्गावर लावलं. नोटीस नाही, चर्चा नाही, एक फोन.

अक्का अडकली. सगळे म्हणाले, बरंच झालं. दादांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दुबईला, तीन मजली घरात एकटा माणूस. अक्का राहिली तर घराला घरपण. दादांनी खालची खोली रंगवायला माणूसही बोलावला.  तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "माझं घर तिथं बंद हाय, अनंता. मी काय तुज्या गोडाऊनातला माल हाय, ठेवला तिथं पडून राहाला?"

दादांनी रंगाऱ्याला परत पाठवलं. टेम्पोत जाड गाद्या घातल्या, अक्काला आडवं केलं आणि स्वतः शेजारी बसले. मी ड्रायव्हरजवळ होतो. प्रत्येक खड्ड्याला मागून अक्काची शिवी आणि दादांचं "झालं, झालं" ऐकू यायचं. पोचल्यावर अक्का काठी टेकत ओट्यावर चढली, शेजारणींनी घोळका केला, आणि दादा कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. रिकाम्या टेम्पोत, त्याच गाद्यांवर बसून ते परत निघाले.

वाटेत जेवायला थांबलो तेव्हा म्हणाले, तू पत्रकं लिहितोस, एक लिही. फ्लाइट पायजे, बहिणीला घरी जाता यावं म्हणून. मी म्हटलं, दादा, येता यावं म्हणून लिहू ना?

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "येल की. परत जावाची वाट असली का मानूस यावाला भीत न्हाय."

तर हे ते पत्रक. कंपनी म्हणते, प्रवासी दाखवा, विमान परत आणतो. तुम्ही दापोड्यात ट्रान्सपोर्ट चालवत असाल, भिवंडीत लूम असतील, तुमचा माल त्या भागात जात असेल, तर महिन्यातल्या एका सीटेची हमी लिहून द्या आणि त्या सीटेवर स्वतः बसा. काल्हेरला दादांच्या गोडाऊनात या, दिवसा कधीही. "बघू" म्हणायचं असेल तर येऊ नका.