रामजीआबांचं विलायती घर

आमच्या तापीकाठच्या गावात एक ना एक दिवस बर्फ पडणार, याची तयारी ठेवणारा एकच माणूस होता: माझे शेजारी रामजीआबा. वैशाखात जिथे घागरीतलं पाणीही पोळतं, तिथे आबांनी घराला असं उभट छप्पर घातलं होतं की त्यावर कावळासुद्धा धड बसत नसे.

"बरफ घसरी जास," ते सांगत.

"आबा, आठे बरफ कवय पडी?" गावकरी विचारत.

"आनि पडना ते?"

इथे वाद खुंटायचा.

मोठ्या लढाईत आबा खेचरं हाकायला गेले, पायाला गोळी लागली आणि काही महिने विलायतेत इस्पितळात पडून राहिले. खिडकीतून समोरच एका शेतकऱ्याचं लाल विटांचं घर दिसे. ते त्यांनी वीट न् वीट पाठ केलं. परतल्यावर दहा वर्षं तापीच्या गाळाच्या विटा स्वतः पाडल्या, स्वतः भाजल्या. प्रत्येक वीट कानाशी धरून टिचकी मारायची. बद्द वाजली की उकिरड्यावर. "एक आंग, एक तोंड," असा त्यांचा मंत्र. एक वीट लांब बाजूने, पुढची टोकाने. गवंड्याने दोन आंगं शेजारी लावली की कंबरभर भिंत उतरवलीच समजा.

दर्शनी भिंतीत त्यांनी एक सुरेख कमानदार खिडकी बांधवली आणि लगेच विटांनी बुजवायला सांगितलं. गवंड्याने हात जोडले.

"तठे बुजेलच व्हती," आबा म्हणाले.

घराची मागची बाजू मात्र कुडाची. ती विलायतेत त्यांनी पाहिलीच नव्हती.

घर झालं, त्या सकाळी आबा एक पिवळं पडलेलं पत्र घेऊन आले. विलायतेतून सोबत्याकडून बायकोला लिहवलेलं. ते पोचण्याआधीच ती मानमोडीच्या साथीत गेली होती. आबांच्या भावाने ते न फोडता ठेवलं होतं.

"गुरुजी, वाची दखाडा. काही ऱ्हायनं का?"

मी ते फोडून मोठ्याने वाचलं. छप्पर, विटा, बुजलेली खिडकी, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'इथे चुलीचा धूर धुराड्यातून वरच्या वर जातो. बाईमाणसाचे डोळे चुरचुरत नसतील. तुला असंच घर बांधीन. तोवर डोळे जप.'

"काही राहिलं नाही, आबा," पत्राची घडी घालत मी म्हणालो.

पहिली चूल पेटवायला त्यांनी माझ्या बायकोला बोलावलं. मी पत्र वाचत होतो तेव्हा ती आमच्या दारातच ऐकत उभी होती. नव्या घरात जाऊन तिने काटक्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला. आबा उंबऱ्याबाहेरूनच वाकून पाहत होते.

"माय, डोयाले लागस का?"

"नही लागस, आबा," म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

आबांचा चेहरा पडला. ते लंगडत धावले आणि धुराडं तपासायला शिडी शोधू लागले.